पंख्यापुढची जागा

नर्सरीवाली : सगळं म्हणजे सगळंच? हे दुरांताच्या झुडपांचं कुंपणसुद्धा?

काका : सगळं. मुळासकट. कुंड्या न्या, माती न्या, हवं तर विटा पण न्या. एसीच्या त्या बाहेरच्या डब्याभोवती मला एक हिरवं पान दिसायला नको.

नर्सरीवाली : आणि तुमच्या लेकीने काल मला फोनवर काय सांगितलं? डब्याभोवती अजून झाडं लावा, भिंतीवर वेल चढवा, समोर बसायला बाक ठेवा. आईची बाग करायची आहे म्हणाली. टेम्पोत बारा रोपं घालून आणलीत मी, काका. आता त्यांना काय सांगू, चुकीच्या घरी आलो म्हणून?

काका : ती ऑफिसातून इकडे यायला अजून तासभर आहे. तोवर उरकेल ना?

नर्सरीवाली : म्हणजे तिच्या पाठीमागे.

काका : तिला मी नंतर सांगेन काहीतरी.

नर्सरीवाली : ते काहीतरी म्हणजे काय, ते आधी मला सांगा. ज्याने बोलावलं त्याला विचारल्याशिवाय मी मुळाला हात लावत नाही. तुम्ही बस चालवायचात तेव्हा एका प्रवाशाने सांगितलं म्हणून रस्ता बदलायचात का?

काका : मी ड्रायव्हर होतो, बाई. मला कंडक्टरची घंटा कळायची. बाकी कुणी काय म्हणतंय ते मी ऐकायचोच नाही.

नर्सरीवाली : मग झालं तर. तासभर आहे ना, मला निदान नीट बघू द्या. काकू गेल्यापासून तुम्ही माझ्या नर्सरीकडे फिरकला नाहीत. चार महिने झाले. रस्त्यात दिसलात तर पलीकडच्या फुटपाथला जाता.

काका : चष्मा बदललाय. लांबचं दिसत नाही.

नर्सरीवाली : मी दिसत नाही, फुटपाथ बरोबर दिसतो. असू दे. हे कुंपण मी लावलं त्याला दोन वर्षं झाली. काकूंचा पलंग या खोलीत हलवला, त्यांना उकाडा सोसत नाही म्हणून एसी बसवला, आणि खिडकीतून नेमका हा डबा दिसायला लागला. म्हणून मला बोलावलंत. बरोबर?

काका : बरोबर.

नर्सरीवाली : तेव्हा मी चुन्याची रेघ ओढून दिली होती. डब्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी, पंख्यापुढे तीन हात. झाडं लावायची ती रेघेच्या बाहेर. डबा गरम हवा बाहेर टाकतो, त्याचं तोंड दाबलं की मशीन घुसमटतं. दोनदा सांगितलं होतं तुम्हाला.

काका : तीनदा.

नर्सरीवाली : मग रेघेच्या आत या एवढ्या कुंड्या कुणी आणल्या?

काका : मी आणल्या.

नर्सरीवाली : अगदी पंख्याला चिकटून. आणि या माझ्याच आहेत की. हा पाम माझा. हे तिन्ही क्रोटन माझे. ही कड फुटलेली कुंडी तर मी तुम्हाला अशीच दिली होती, दुसरं कुणी घेणार नाही म्हणून. तुम्ही म्हणायचात, गच्चीवर ठेवतो.

काका : खोटं बोलत होतो.

नर्सरीवाली : दर आठवड्याला?

काका : दर आठवड्याला. खरं सांगितलं असतं तर तुम्ही दिल्या नसत्यात.

नर्सरीवाली : नसत्याच दिल्या. आणि मी शहाणी तुमचीच शिकवणी घ्यायचे. मागच्या आठवड्यातला क्रोटन कसा मेला, काका? पाणी फार घालता तुम्ही. आता बघा ही पानं. कडा कशा करपल्यात. हे काही पाण्याने होत नाही. मशीन चालू होतं तोवर दिवसभर गरम वारा अंगावर घेतलाय बिचाऱ्यांनी.

काका : एक झाड आठ दिवस टिकायचं. नवव्या दिवशी मान टाकायचं. मग मी पहाटे, ती झोपेत असताना, जुनं काढून तिथे नवं ठेवायचो. तिला वाटायचं तेच आहे. म्हणायची, बघा, बागेने जीव धरला.

नर्सरीवाली : काकूंच्या लक्षात आलं नाही?

काका : कसं येईल? झोपेत असायची.

नर्सरीवाली : हं. पण इतक्या मागे कशाला ढकलल्यात? खिडकीजवळ ठेवल्या असत्यात तरी डबा झाकला असता.

काका : आधी तसंच केलं होतं. तिने मोडीत काढलं. म्हणाली, काचेला चिकटवून काही ठेवायचं नसतं, गिचमीड दिसतं. कामच ते होतं तिचं. तीस वर्षं कापडाच्या दुकानात काचेमागचे पुतळे सजवायची. काच लावणं म्हणायची ती त्याला. वस्तू लांब मागे, मध्ये मोकळी जागा, मग काच. असा तिचा हिशोब. म्हणून कुंड्या मागे गेल्या. मागे म्हणजे डब्याला टेकून.

नर्सरीवाली : आणि तुम्ही सरकवत गेलात.

काका : ती पलंगावरून बोट दाखवायची. डावीकडे. अजून. बस्स. आता बोटभर मागे. पानांतून डब्याचा पत्रा दिसतोय अजून, तो क्रोटन फिरवा जरा. बस मागे घेताना कंडक्टर उतरून हात दाखवतो ना, येऊ दे, येऊ दे, तसं. मी जन्मभर तेच केलंय. कुणी मागून हात दाखवला की मी गाडी घेतो. मागे काय आहे ते बघणं माझं काम नाही, ते हात दाखवणाऱ्याचं.

नर्सरीवाली : रोज चालायचं हे?

काका : रोज सकाळी अर्धा तास. एरवी तिला दोन वाक्यं बोलली तरी धाप लागायची. तेवढा अर्धा तास लागत नसे. मला रागवायचीसुद्धा. म्हणायची, सरळ रेषेत काय ठेवता, शाळेची प्रार्थना आहे का? त्या अर्ध्या तासात ती आजारी नसायची, बाई. मग मी रेघ कशाला बघतोय?

नर्सरीवाली : आणि त्या दुपारी?

काका : त्या दुपारी मी तुमच्याकडेच होतो.

नर्सरीवाली : ते मला ठाऊक आहे. हा पाम न्यायला आला होतात.

काका : आदल्या दिवशी दोन मोठ्या कुंड्या अगदी पंख्यासमोर ठेवल्या होत्या. तरी एका कोपऱ्यात चार बोटं पत्रा दिसत होता. ती म्हणाली, तिथे उंच काहीतरी मिळालं की काच पूर्ण झाली. म्हटलं, आत्ता आणतो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

नर्सरीवाली : मीच तुम्हाला बसवून घेतलं. उन्हात चक्कर येऊन पडाल म्हटलं. पंख्याखाली खुर्ची दिली, पाणी दिलं, गप्पा मारल्या. दीड तास. चार महिने तो दीड तास माझ्याही डोक्यातून जात नाहीये, काका.

काका : तुमचा काय दोष त्यात?

नर्सरीवाली : दोष नाही. पण जात नाही.

काका : ज्या बाई तिच्याजवळ बसायच्या, त्यांची त्या दिवशी सुट्टी होती. फोन मी स्वयंपाकघरात विसरलो होतो. पाम खांद्यावर घेऊन दारात आलो तर घर भट्टीसारखं. एसी बंद. ती घामाने निथळतेय, ओठ निळे पडलेत. आणि माझा फोन ओट्यावर. त्याच्यावर तिचे सतरा कॉल.

नर्सरीवाली : काका, बसा तुम्ही आधी. या पायरीवर बसा.

काका : ओट्यावर फोन वाजला की त्या पलंगावर ऐकू येतं. भिंत एकच आहे मध्ये. म्हणजे ती मला बोलावत होती आणि मी घरात नाही हे तिला प्रत्येक वेळी कळत होतं. तरी सतरा वेळा लावला तिने. पहिल्याच वेळी कळलं असणार ना, की फोन इथेच आहे. मग पुढचे सोळा कशाला लावले?

नर्सरीवाली : माहीत नाही, काका.

काका : हॉस्पिटलात नेलं, तिसऱ्या दिवशी तिथेच गेली. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं, आठ-पंधरा दिवस इकडे-तिकडे. लोक म्हणाले, सुटली. सगळे मला आठ-पंधरा दिवस असे सांगतात जशी काही चिल्लर आहे. ते दिवस माझे होते. मला हवे होते ते. एकेक हवा होता.

नर्सरीवाली : आणि माझा भाऊ?

काका : तुमच्या भावाने पंधरा दिवस आधी मशीन उघडून धुऊन दिलं होतं. तुम्हीच पाठवला होता त्याला, दोन वर्षं तोच यायचा. त्याच्या कामात खोट नव्हती. माझ्या लेकीला, चिऊला वाटलं, त्याने काही न करता सर्व्हिसच्या कार्डावर सही ठोकली, म्हणून मशीन बंद पडलं. तिने त्याच्या कंपनीला फोन लावला तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी चहाच्या कपात बघत बसलो.

नर्सरीवाली : त्याला कामावरून काढलं.

काका : माहीत आहे. म्हणून तर फुटपाथ बदलतो.

नर्सरीवाली : आता सायकलवर फिरून लोकांचे पंखे दुरुस्त करतो. दोन मुलांचा बाप. ज्या गल्लीत त्याची गाडी थांबली की चार घरं हाक मारायची, तिथे आता कुणी दार उघडत नाही. आज मी यायचंच नाही असं ठरवलं होतं. मग म्हटलं, बाग काकूंची आहे.

काका : म्हणून म्हणतो, काढून टाका हे. चार महिने मी ती खोली उघडलेली नाही. हॉलमध्ये जमिनीवर झोपतो. सकाळी मागच्या दाराशी आलो की हे समोर उभं. आणि ती पोर म्हणतेय, बाक ठेवू, संध्याकाळी आपण दोघं तिथे बसू. मी कशासमोर बसू, बाई?

नर्सरीवाली : तिला सांगून टाका.

काका : काय सांगू? तुझ्या आईला मीच—

मुलगी : काय सांगायचंय? दार उघडंच आहे, आणि तुम्ही दोघं इथे मागे पायरीवर. लवकर सुटले मी आज. ताई, रोपं टेम्पोतच का अजून?

नर्सरीवाली : तुमची वाट बघत होते.

मुलगी : बरं झालं. आणि एक आधीच सांगून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. तुमच्या भावावर माझा राग आहे, तो तुमच्यावर नाही. तो मी तुमच्यावर काढणार नाही. आईला तुमचं काम आवडायचं, म्हणून तुम्हालाच बोलावलं.

नर्सरीवाली : तुमच्या बाबांना काहीतरी बोलायचंय.

काका : नंतर बोलू. चिऊ, तू दमून आलीस. आत जा, हातपाय धू.

मुलगी : बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?

नर्सरीवाली : मी टेम्पोजवळ थांबते, काका.

काका : नको. थांबा इथेच. तुम्ही गेलात तर मी परत कपात बघत बसेन.

मुलगी : कसला कप? काय चाललंय तुमचं?

काका : चिऊ, त्या मशीनमध्ये काही बिघाड नव्हता.

मुलगी : कुठल्या?

काका : याच. त्या माणसाने काम नीट केलं होतं. मशीनचं तोंड मी दाबलं. या कुंड्यांनी. गरम हवेला बाहेर पडायला वाट ठेवली नाही मी. ताईंनी रेघ आखून दिली होती, तिच्या आत मी रोज एकेक कुंडी सरकवत गेलो. तुझ्या आईला पत्रा दिसू नये म्हणून.

मुलगी : तुम्हाला कुणी सांगितलं हे?

काका : आई हॉस्पिटलात होती, तू तिच्याजवळ होतीस. मी कपडे न्यायला घरी आलो, तेव्हा एका दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने कुंड्या बाजूला केल्या, थोडा वेळ थांबला, बटण दाबलं. मशीन चालू झालं. मला म्हणाला, आजोबा, याला काही झालेलं नाही, याला फक्त मोकळं सोडा. तो गेल्यावर मी कुंड्या होत्या तशा परत लावल्या, त्या दिवशी आणलेला पामसुद्धा त्यांच्यात ठेवला.

मुलगी : परत का लावल्यात?

काका : तिने लावलेल्या होत्या. मला वाटलं ती परत येईल.

मुलगी : बाबा, मी त्या माणसाला फोनवर काय काय बोलले. त्याच्या साहेबांना बोलले. खुनी म्हणाले मी त्याला.

काका : ऐकत होतो मी.

मुलगी : ऐकत होतात.

काका : हो.

मुलगी : मी इथे रोज संध्याकाळी येते. रोज विचारते, बाबा, जेवलात का, झोप लागली का. तुम्ही म्हणता, सगळं ठीक आहे. चार महिने, बाबा. तो माणूस चार महिने माझ्या शिव्या खाऊन बसलाय आणि तुम्ही मला सांगताय, आज भाजी जरा खारट झाली होती.

काका : रागव. मोठ्याने रागव. मला बरं वाटेल.

मुलगी : रागावलेच आहे. खूप रागावलेय. मला कुणीतरी हवं होतं रागवायला आणि तो सापडला. आता तुम्ही सापडलात, तर तुमच्याकडे बघून रडूच येतंय नुसतं. किती वाळलात तुम्ही. सदरा बघा कसा लोंबतोय.

नर्सरीवाली : आता मला एक बोलायचंय. ते बोलायचं नाही असं भावाने मला बजावलं होतं, म्हणून मघाशी काकांना मी काही ठाऊक नसल्यासारखं विचारत होते. तो परत तोंड बघणार नाही माझं. पण काकांनी एवढं बोलल्यावर मी मूग गिळून बसले तर मला झोप लागायची नाही.

मुलगी : काय?

नर्सरीवाली : काकूंना माहीत होतं.

काका : काय माहीत होतं?

नर्सरीवाली : कुंड्यांमुळे मशीन घुसमटतंय, हे. भाऊ साफसफाईला आला त्या दिवशी त्याने सगळ्या कुंड्या बाजूला काढल्या, मशीन धुतलं, आणि खिडकीशी जाऊन काकूंना सांगितलं. म्हणाला, या एवढ्या जवळ ठेवू नका, भर उन्हात कधीतरी बंद पडेल. काका कुठे आहेत, त्यांना सांगतो. तर काकू म्हणाल्या, त्यांना काही बोलू नकोस.

काका : मी औषधं आणायला गेलो होतो त्या दिवशी.

नर्सरीवाली : हो. काकू त्याला म्हणाल्या, तू सांगितलंस तर ते कुंड्या हलवतील. मग सकाळचं काय करतील? माझ्यासमोर खुर्ची टाकून माझ्याकडे बघत बसतील. ते मला नाही बघवत.

मुलगी : आई असं म्हणाली?

नर्सरीवाली : अजून म्हणाल्या. तीस वर्षं मी काचा लावल्या, त्या नेहमी दुकान बंद असताना, सुट्टीच्या दिवशी. यांची त्या दिवशी हमखास ड्यूटी. माझी एक काच लागताना यांनी कधी पाहिली नाही. ही पहिली काच आम्ही दोघं मिळून लावतोय. तेवढी लागू दे. मशीन बंद पडलं तर तुला बोलावू.

काका : तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय.

नर्सरीवाली : मला तसं गोड बोलता आलं असतं तर माझा धंदा दुप्पट झाला असता. ही कड फुटलेली कुंडी बघा, काका. हिची फुटकी बाजू कुठे असायची?

काका : भिंतीकडे. फुटकं दिसलेलं तिला चालायचं नाही.

नर्सरीवाली : औषधं घेऊन परत आलात त्या संध्याकाळी कुठे होती?

काका : खिडकीकडे. मी म्हटलं, ही कशी फिरली? मांजर येऊन गेलं वाटतं. मी उठून सरळ करायला निघालो, तर ती म्हणाली, राहू द्या आजच्या दिवस.

नर्सरीवाली : मांजर नव्हतं. काकूंनी बोट दाखवून त्याच्याकडून एकेक कुंडी होती तिथे परत ठेवून घेतली, तुम्हाला कळू नये म्हणून. ही एक त्याच्याकडून उलटी लागली. मला सांगताना तो म्हणाला, काकू हसल्या, म्हणाल्या, आता पकडले जाणार आपण.

मुलगी : मग त्याने मला का नाही सांगितलं? मी एवढं बोलत होते तेव्हा?

नर्सरीवाली : तुम्हाला सांगितलं असतं तर काकांना कळलं असतं. तो म्हणाला, ताई, नोकरी मिळेल दुसरी कुठेतरी, पण म्हाताऱ्याला हे कळलं तर तो मोडेल. आणि चूक त्याचीही आहे असं त्याला वाटतं. मी तसाच निघून कसा आलो, म्हणतो. रात्री उठून बसतो.

काका : म्हणजे तिला ठाऊक होतं. आणि तरी रोज बोट दाखवायची.

नर्सरीवाली : हो.

काका : मशीन बंद पडलं तेव्हाही तिला कळलं असेल, कशाने पडलं ते.

नर्सरीवाली : कळलं असेल.

काका : मी आलो तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नुसती माझ्या खांद्यावरच्या पामकडे बघत होती. मला वाटलं, पाणी मागतेय. पाणी दिलं तर मान हलवली. परत पामकडे बघितलं. चिऊ, मला वाटलं होतं ती मला दोष देतेय. चार महिने मला तेच डोळे दिसतायत.

मुलगी : बाबा, इकडे या. या माझ्याजवळ.

काका : सांगायला हवं होतं तिने. मी बसलो असतो ना खुर्ची टाकून. नसतो बघत तिच्याकडे, पेपर वाचला असता. दुसरं काहीतरी केलं असतं. एवढं काय त्या काचेत होतं?

मुलगी : तुम्ही होतात त्यात.

काका : मला ती हवी होती गं. काच नको होती.

नर्सरीवाली : रडा, काका. चार महिन्यांचं आहे, लवकर नाही आवरायचं.

मुलगी : ताई, भावाचा नंबर तोच आहे?

नर्सरीवाली : तोच आहे. उचलेल की नाही ते मात्र मी सांगत नाही.

मुलगी : नाही उचलला तर घरी जाईन. त्याच्या कंपनीतही जाईन. ज्या साहेबांना बोलले त्यांच्यासमोर बोलेन.

काका : आधी मी जाणार. तुझ्यासोबत नाही, तुझ्या आधी. गप्प मी बसलो होतो.

मुलगी : उद्या सकाळी?

काका : आजच. अंधार पडायच्या आत. ताई, तुमच्या टेम्पोतून येऊ का मी?

नर्सरीवाली : रोपं उतरवली की जागा होईल. पण उतरवू की परत नेऊ, ते सांगा आधी. उपटायचं आहे की लावायचं?

मुलगी : मला आता काही सुचत नाही. बाबा, तुम्ही म्हणाल तसं.

काका : चुना आहे तुमच्याकडे?

नर्सरीवाली : टेम्पोत आहे.

काका : ती रेघ परत ओढा. होती तिथेच. आतल्या सगळ्या कुंड्या बाहेर काढा. डाव्या-उजव्या हाताला लावू, पंख्यापुढे काही नको. मेलेली झाडं काढून तुमची नवी लावा.

नर्सरीवाली : मेलेल्यांवरून आठवलं. तुम्ही पहाटे झाडं बदलायचात ते काकूंना कळत नव्हतं, असं म्हणालात ना मघाशी?

काका : झोपेत असायची ती.

नर्सरीवाली : तीस वर्षं पुतळ्यांच्या बाह्यांच्या चुण्या सरळ करणारी बाई, काका. तिला कालचं पान आणि आजचं पान कळणार नाही?

काका : मग ती बागेने जीव धरला म्हणायची, ते?

नर्सरीवाली : तुमच्याकडे बघून म्हणत असतील.

मुलगी : ताई, आपण कुंड्या काढून घेऊ. मी हात लावते. बाहेर ठेवल्यावर कशा दिसतात ते मात्र आतून बघायला लागेल. मी जाते पलंगाशी.

काका : तू नको. मी जातो. किल्ली माझ्या खिशात आहे.

मुलगी : एकटे जाल?

काका : चार पावलं आहेत. तुम्ही दोघी कुंड्या धरा, मी खिडकीतून सांगतो.

(काका आत जातात. कुलूप उघडल्याचा, मग बऱ्याच वेळाने खिडकी उघडल्याचा आवाज येतो.)

मुलगी : बाबा? ठीक आहात ना?

काका : पलंगावर पडून बघतोय. तिच्याच बाजूला. मी इथून कधी बघितलंच नव्हतं.

मुलगी : या दोन मोठ्या इकडे घेतल्यात. दिसतात?

काका : दिसतात. उजवीकडची अजून जरा बाहेर. येऊ दे. येऊ दे. बस्स.

नर्सरीवाली : हा पाम?

काका : तो कोपऱ्यात. तिला तिथेच हवा होता. रेघेच्या बाहेर आहे ना?

नर्सरीवाली : वीतभर बाहेर आहे.

काका : मग असू दे.

मुलगी : आणि ही फुटकी कुंडी? कड भिंतीकडे करू?

काका : नको. इकडेच राहू दे.

मुलगी : आता सगळं झालं, बाबा. कसं दिसतंय?

काका : बरं दिसतंय. मधोमध पत्रा दिसतोय.

नर्सरीवाली : इथे माझ्याकडे एक नेचा आहे, काका, बुटका. रेघेला लागूनच बाहेर ठेवला तर मशीनला त्रास नाही आणि तेवढा पत्राही झाकेल. ठेवू?

काका : नको, ताई. दिसतो तेवढा दिसू दे.